साडूंची तांबडी नळी

भाकरीसारख्या सपाट सोलापुरात राहून आयुष्यभर उताराचा ध्यास घेतलेला माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. कुणाचा देवावर विश्वास असतो, कुणाचा पुढाऱ्यांवर, काहींचा तर लॉटरीच्या तिकिटावरही असतो. आमच्या साडूंचा विश्वास फक्त एका गोष्टीवर होता, की वर असलेली वस्तू सोडली तर खाली येते. मग ती मुकाट्यानं आणि आपल्याला हवी तिथंच यावी, एवढी व्यवस्था माणसानं करायची. बाकी धडपड म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं त्यांचं मत होतं. कुणी पाण्याची घागर उचलून नेताना दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "अहो, त्या बिचाऱ्या पाण्याला स्वतःला जाता येतं की! तुमी कशाला मधे कडमडताय?" असं ते भर रस्त्यात परक्या माणसाला विचारायचे.  घागरवाला खांदा बदलून पुढं जायचा.

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. नव्या पेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. सलाईनची बाटली खिळ्याला टांगायची आणि थेंब थेंब पडताना बघत बसायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. दुसरा माणूस कंटाळला असता. साडूंना त्यात ब्रह्मज्ञान झालं. पुढं दवाखान्यात प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या आणि जुन्या तांबड्या रबरी नळ्या डॉक्टर टाकून देऊ लागले, तेव्हा त्या सगळ्या उकळून, धुऊन, वेटोळी करून साडूंनी घरी आणल्या. आमची मेव्हणी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती सांगायची की लग्नात त्यांनी तिला अंगठी आणली नाही, पण घरात नळी मात्र कधी कमी पडू दिली नाही.

या नळ्यांनी त्यांनी घरात जो धुमाकूळ घातला तो बघण्यासारखा होता. त्यांची चाळ म्हणजे पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची एक ओळ, पुढं अंगण, अंगणाच्या कडेला मालकांचीच एक माडी. त्या माडीच्या गच्चीवर मालकांच्या परवानगीनं साडूंनी एक पिंप चढवलं आणि त्यातून खाली घरात पाणी आणलं. मग तुळशीला पाणी नळीनं, अंघोळीच्या बादलीत पाणी नळीनं. एकदा तर त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाचं पातेलं ठेवून बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या कपात नळीनं चहा सोडला. चहा आला, पण त्याआधी नळीत अडकलेली चहाची पत्ती सुटून पाहुण्यांच्या धोतरावर आली. पाहुणे उठले. साडूंना त्याचं काही नव्हतं, ते नळी उजेडात धरून आत बघत होते आणि म्हणत होते, "गाळणी वरच्या टोकाला पायजे होती."

नळी सुरू करायची त्यांची एक पद्धत होती. एक टोक पिंपात, दुसरं तोंडात. गाल आत ओढून एक जोरदार झुरका घ्यायचा आणि पाणी ओठांपर्यंत आलं की टोक बोटानं दाबून खाली सोडायचं. यात त्यांचा हातखंडा होता. फक्त एकदा डब्यातलं रॉकेल स्टोव्हमध्ये उतरवताना त्यांचा अंदाज चुकला. पुढं कितीतरी दिवस त्यांना पुरणपोळीलाही रॉकेलची चव लागत होती आणि देवापुढं निरांजन लावताना अक्का त्यांना लांब उभं राहायला सांगायची.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात औषधाची एक चपटी बाटली कायम असे. पाण्यानं जवळजवळ भरलेली, आत फक्त एक बुडबुडा. ही बाटली आडवी ठेवली की बुडबुडा उंच बाजूला सरकतो आणि उतार कुणीकडं आहे ते कळतं. साडू ही बाटली कुठंही ठेवायचे. देवळाच्या पायरीवर, बँकेच्या काउंटरवर, न्हाव्याच्या खुर्चीच्या हातावर. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकांची तयारी करताहेत आणि साडूंनी वाकून माझ्या पाटावर बाटली ठेवली. "पाव्हणं, तुमी पूर्वेला कलताय," ते हळूच म्हणाले. पंगतीतही ते आधी पत्रावळीवर बाटली ठेवायचे आणि वरण कुठून पळणार हे बघून तिकडं भाताचा बांध घालायचे. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून तर माझी सुटकाच नव्हती. भेटलो की पहिला प्रश्न हाच, "काय मास्तर, सोलापूरचा उतार कुणीकडं?" मी नदीचं नाव घ्यायचो. त्यावर ते दयेनं बघायचे आणि म्हणायचे, "पुस्तकातला नको. आपल्या गल्लीतला सांगा की."

अशा माणसाच्या अंगणात एक कडुलिंब होता. तो मात्र हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी पत्र्याखाली काढलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मार्च संपत आला की ती खोली तव्यासारखी तापायची. अक्काला दम्याचा त्रास. आत बसली की तिचा श्वास वरच्या वर राहायचा. सकाळी स्वयंपाक उरकला की ती जी कडुलिंबाखाली येऊन बसायची ती दिवे लागेपर्यंत. तिथंच ती मागावरून आलेल्या चादरींच्या दशांना गाठी मारायची, तिथंच भाजी निवडायची, तिथंच आल्यागेल्याशी बोलायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. घर म्हणजे ती सावलीच होती म्हणा ना.

आणि ते झाड मालकांना तोडायचं होतं. मालक वाईट नव्हते. गुळाचे मोठे अडते, लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे, निम्मं बोलणं कानडीत. गुळाचा खडा डोळे मिटून जिभेवर ठेवायचा आणि कोणत्या गावच्या गुऱ्हाळातला ते सांगायचं, अशी त्यांची बाजारात ख्याती. त्यांचा पुतण्या रिकामा होता. त्याला अंगणात शेड घालून माग टाकून द्यावेत, असं त्यांच्या मनात आलं. शेडच्या बरोबर मध्यावर कडुलिंब. साडू त्यांना भेटायला गेले आणि मला वाटलं की अक्काच्या दम्याचं सांगतील. कसलं काय! त्यांनी अडतीवरच्या गादीवर बाटली ठेवून शेडचं पावसाचं पाणी कसं उलटं फिरेल हेच समजावून सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "संक्रांत होऊ द्या. मग बघू." मालकांचं 'बघू' म्हणजे काय हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं.  अक्कानं गावाकडच्या भावजयीला एखादी खोली मोकळी आहे का, एवढंच विचारून घेतलं.

संक्रांत झाली आणि कडुलिंबाला पाझर फुटला. कधीकधी कडुलिंबाच्या जुन्या जखमेतून पांढरट, फेसाळ पाणी वाहू लागतं, वासाला आंबूस आणि चवीला गोडसर. आमच्याकडं त्याला लोक देवाची करणी म्हणतात. दोन पुरुष उंचीवर झाडाची बेचकी होती, तिथून धार लागली आणि दुपारपर्यंत अंगणात मुंगीला वाट उरली नाही. हळदकुंकू आलं, नारळ आले, तांबे आले, बाटल्या आल्या. गर्दीत मालकही आले. चपला लांब काढून झाडाला हात जोडले आणि सगळ्यांसमक्ष बोलून गेले, "देवाचं काई असलं तर मला पाप नको. पाझर हाय तवर कुऱ्हाड न्हाई."

सगळ्या चाळीनं सुटकेचा निःश्वास टाकला. एकटे साडू बेचैन. झाड वाचल्याचा आनंद होताच, पण त्यांच्या तत्त्वज्ञानाला मोठा धक्का बसला होता. मला कोपऱ्यात घेऊन त्यांनी विचारलं, "पाव्हणं, हे पाणी मुळातून आलं, होय ना? मग बेचकीपर्यंत वर चढलं कसं? कुणी चढवलं?" झाड पाणी वर ओढतं, असं मी माझ्या परीनं सांगितलं. त्यांचा चेहरा घरच्या माणसानं दगा दिल्यासारखा झाला. इतकी वर्षं ज्याच्या खाली बसून ते उताराची थोरवी गात होते, तेच झाड डोक्यावर उभं राहून रोज पाणी चढावर नेत होतं! दोन दिवस ते झाडाशी अबोला धरून होते. मग त्यांनी स्वतःच तडजोड काढली, की निदान बेचकीपासून खाली तरी पाणी शिस्तीत येतंय ना, मग झालं.

अबोला मिटायला दुसरंही कारण घडलं. लोकांनी झाडाचे हाल मांडले. जास्त पाणी यावं म्हणून कुणी साल खरवडली, कुणी मडकं टांगायला खिळा ठोकला. ते बघून साडू पेटले. त्यांनी सगळी वेटोळी बाहेर काढली. बेचकीत पत्र्याची पन्हळ बसवली, तिच्या तोंडाला तांबडी नळी, नळीला नळी जोडायला बॉलपेनच्या रिकाम्या कांड्या, आणि ही सगळी वाहिनी ताणलेल्या तारेवरून भिंतीच्या कडेनं थेट फाटकापर्यंत नेली. तिथं तोटीचा माठ. तार बांधताना ते हातभर अंतरावर बाटली ठेवून बघत होते. "मधे झोल पडता कामा नये. झोल पडला की हवा अडकली, हवा अडकली की संपलं," असं ते मला शिडीवरून ओरडून सांगत होते. शेवटी फाटकावरच्या माठात पहिला थेंब पडला तेव्हा हा एवढा मोठा माणूस शिडीवरून जवळजवळ उडी मारून खाली आला.

आता लोक फाटकावर रांग लावू लागले आणि साडू प्रत्येकाच्या हातावर पळीभर पाणी घालू लागले. लोक विचारायचे, हे खरजेला चालतं का, मुलाच्या परीक्षेला चालतं का. साडू कळवळून सांगायचे, "कशालाच चालत न्हाई हो. चमत्कार बिमत्कार काई न्हाई. झाडाचं पाणी हाय, उतारानं येतंय!" माणूस किती निगर्वी आहे बघा, असं म्हणत लोक त्यांच्या पाया पडायचे. एका बाईनं तर नळीलाच कुंकू लावलं. पायावर डोकं ठेवलेल्या माणसाचं काय करायचं हे साडूंना कळायचं नाही. एकदा एकाच्या वाकलेल्या पाठीवर त्यांनी सवयीनं बाटली ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. त्या माणसाला तो आशीर्वाद वाटला.

होळी जवळ आली तसा पाझर आटू लागला. आधी धारेचे थेंब झाले, मग थेंबही थांबत थांबत पडू लागले. रांग विरली. माठाच्या तळाशी ओल तेवढी उरली. मग मालकांचा निरोप आला की सोमवारी सकाळी स्वतः येऊन बघतो, पाझर थांबला असेल तर मंगळवारी माणसं लावतो. अक्कानं ट्रंक झाडून पुसून ठेवल्याचं माझ्या बायकोनं मला सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. 

सोमवारी मी शाळेला जाण्याआधी तिकडं गेलो. बघतो तर बेचकीतून पाझर पहिल्यासारखा सुरू! पांढरट, फेसाळ, खोडावरून सावकाश खाली येतोय. मला इतका आनंद झाला की मी साडूंना मिठीच मारायला गेलो. पण साडू माझ्याकडं बघेनात. ते माडीच्या भिंतीकडं बघत होते, मग जमिनीकडं, मग स्वतःच्या नखांकडं. तेव्हा मला ती दिसली. गच्चीवरच्या पिंपातून निघालेली तांबडी नळी, पानांच्या आडून बेचकीत शिरलेली. आजवर झाडातून बाहेर जाणारी वाहिनी आता झाडाकडं येत होती. त्या नळीवरून मोठमोठ्या मुंगळ्यांची रांग शिस्तीत गच्चीकडं निघाली होती.

"गूळपाणी?" मी पुटपुटलो.

"घरातली सगळी ढेप संपली," चादरीवरची नजर न काढता अक्का म्हणाली. "आन् फेसाला जरा दूध घातलंय."

मी साडूंकडं बघितलं. जो माणूस देवळात सुद्धा 'चमत्कार नाही' म्हणून पुजाऱ्याशी भांडायचा, त्यानं आज चमत्कार घडवला होता. आणि तो घडवायचा कुणासमोर, तर गुळाचा खडा जिभेवर ठेवून गाव सांगणाऱ्या माणसासमोर! साऱ्या सोलापुरात फसवायला याहून अवघड माणूस सापडला नसता. साडूंना हे त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. मी ते कानात सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पण तेवढ्यात फाटकाशी मालकांची सायकल वाजली.

मालकांनी चपला काढल्या. झाडाला हात जोडले. मग खोडावरून येणाऱ्या पाझरात बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि सवयीनं डोळे मिटले.  अक्काचे हात थांबले होते. मालकांनी डोळे उघडले, मुंगळ्यांची रांग बघितली, रांगेच्या मागं मागं नजर नेत नळी बघितली, गच्ची बघितली, आणि मग साडूंकडं बघितलं.

"मालक," साडूंना घाम फुटला होता, "खरं सांगायचं तर हा चमत्कार बिमत्कार काई..."

मालकांनी हात वर केला. ते झाडाखाली बसलेल्या अक्काकडं बघत होते, तिच्या मांडीवरच्या चादरीकडं, तिच्या वरखाली होणाऱ्या खांद्यांकडं. 

"नातेपुत्याकडचा हाय," ते हळू म्हणाले, कुणालाच उद्देशून नव्हे. "आपल्याच अडतीवरचा." मग त्यांनी चपला पायात सरकवल्या. "इरली बिड्री. असू द्या. पाझर चालू हाय की. पाझर हाय तवर कुऱ्हाड न्हाई, बोललोय मी."

पुतण्याचे माग पुढं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सुरू झाले. साडूंनी नळी त्याच दुपारी काढली. पण दुसऱ्या वर्षी होळी झाल्यावर मालकांचा हमाल गुळाची ढेप घेऊन दारात उभा राहिला. "झाडाला, म्हणलं मालकानी," एवढाच निरोप. तेव्हापासून दरवर्षी ढेप यायची आणि दरवर्षी एका सोमवारी साडू अगदी गंभीर चेहऱ्यानं झाडाला गूळपाण्याची नळी लावायचे. मालक येऊन बोट बुडवायचे, साडू 'कुठला हाय, मालक?' विचारायचे आणि मालक डोळे मिटून गावाचं नाव सांगायचे. दोघांत या विषयावर दुसरा शब्द कधी झाला नाही. मी त्यांना एकदा चिडवलं, "काय साडू, चमत्कार मानायला लागलात?" ते म्हणाले, "छे हो! उतारानंच येतंय की." आणि हसले.

एका थंडीत साडू गेले. दवाखान्यात शेवटी त्यांनाच सलाईन लावलं होतं, आणि मला जवळ बोलावून ते एवढंच म्हणाले होते, "बाटली जरा वर घ्यायला सांगा, पाव्हणं. झोल पडलाय." मी नळीचा झोल काढला. त्यांच्या खिशातली ती चपटी बाटली अक्कानं मला दिली आणि ती कुठं ठेवायची हे मला आजही कळत नाही.

त्या वर्षी होळीनंतर ढेप घेऊन हमाल आला नाही, मालक स्वतः आले. फडक्यात बांधलेली ढेप काखेत धरून, म्हातारे, जरा वाकलेले. "अक्का, झाडाला," ते म्हणाले. अक्कानं चूल पेटवून गूळ उकळला, दूध घातलं. मी ते गच्चीवर नेऊन पिंपात ओतलं आणि नळीचं वरचं टोक बुडवलं. खाली येऊन बघतो तर थेंब नाही. हवा अडकली होती. नळीचं दुसरं टोक खाली लोंबत होतं. ते तोंडात घेऊन ओढायचं, एवढंच करायचं होतं. पण त्या टोकाला इतकी वर्षं एकाच माणसाचं तोंड लागलेलं. माझा हातच पुढं होईना.

मालकांनी ते टोक धरलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि गाल आत ओढून साडूंसारखाच झुरका घेतला. पहिल्यांदा नुसती हवा. दुसऱ्यांदा तोंडभर गूळपाणी आलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला. मी धावून टोक बोटानं दाबलं. त्यांच्या पांढऱ्या मिशांवरून गूळपाणी ओघळत होतं आणि डोळेही भरून आले होते.

"कुठला हाय, मालक?" अक्कानं विचारलं. दरवर्षी साडू विचारायचे, तसंच.

मालकांनी डोळे मिटले. जीभ फिरवली. परत फिरवली. मग मान हलवली.

"काय की, अक्का," ते म्हणाले. "यंदा कळंना झालंय."

मी दोरीनं टोक बेचकीत चढवलं. पाझर खोडावरून खाली येऊ लागला. मग आम्ही तिघं तिथंच, दशांच्या ढिगाजवळ बसलो, मुंगळे यायची वाट बघत.